काकाजींचा बैल, शेरूचं मरण आणि कलम अकरा

पत्र असं आहे:

नमस्कार काका, मी यवतमाळ जिल्ह्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या शेजारचे काकाजी एकाच जोडीवर दहा एकर कोरडवाहू करतात. त्यांच्या डाव्या बैलाची खांद जू घासून फुटली आहे. माश्या बसतात, तरी रोज तण काढायच्या डवऱ्याला जुंपतात. मी बोलले तर म्हणाले, "बैल माहा, वावर माहं, तुले काय कराचं?" दुसरी गोष्ट आमच्या कुत्र्याची, शेरूची. मागच्या पंधरवड्यात तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काहीतरी खाऊन आला आणि अंगणात तडफडून मेला. एका कास्तकाराने रानडुकरांसाठी पिठाच्या गोळ्यांत फवारणीचं औषध कालवून ठेवलं होतं, ते दोघांनी पाहिलं आहे. आम्ही शेरूला पुरून टाकलं. मी मोबाइलवर कायदा उघडला, पण इंग्रजी डोक्यावरून गेलं. ग्रुपवर एक म्हणतो तीन वर्षं जेल होते, दुसरा म्हणतो पन्नास रुपये भरून सुटतात. वकील करायची आमची ऐपत नाही. कायदा आपल्यासारख्यांना समजतो का? मी काय करू? बाबा म्हणतात, गावात राहायचं आहे, गप्प बस. — कास्तकाराची पोरगी

बेटा,

तुझ्या पत्रात दोन जनावरं आहेत आणि दोघांसाठी रस्ते वेगळे आहेत. काकाजींचा बैल जिवंत आहे, त्याला उद्यापासून विसावा आणि औषध पाहिजे. त्याच्यासाठी आधी गुरांचा दवाखाना. शेरू गेला. ज्याने विष ठेवलं त्याला जाब विचारला गेला पाहिजे, आणि उरलेलं विष धुऱ्यावरून उचललं गेलं पाहिजे. त्यासाठी पोलीस ठाणं, तेही आजच. हा फरक मी माझ्या मनाने करत नाही. कायद्यातच तो केलेला आहे, आणि तो कसा वाचायचा हेच तुला सांगायचं आहे. मीही वकील नाही. माझी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली आणि कामापुरता कायदा वाचता वाचता समजत गेला. तुलाही समजेल.

मूळ कायदा १९६० सालचा, त्या वर्षीचा ५९ वा अधिनियम, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. जवळजवळ सगळेच लोक कायदा उघडला की आधी शिक्षेचा आकडा शोधतात. तुझ्या ग्रुपवरचं भांडण त्यातूनच निघालं. तू सुरुवात कलम २ पासून कर. तिथे व्याख्या आहेत. प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे बैल आला, शेरू आला, कोंबडी आली, धुऱ्यावरचं रानडुक्करसुद्धा आलं. मालक म्हणजे ज्याच्या नावावर बैल तो एकटाच नाही, त्या वेळी ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोही मालकच, मग मूळ मालकाची संमती असो वा नसो. सालदाराने बैल हाकला, कोणी भाड्याने बंडी नेली, तरी जबाबदारी चुकत नाही. उलट मूळ मालकानेही वाजवी काळजी घेतली नाही, देखरेख ठेवली नाही, तर त्यालाही दोषी धरता येतं.

मग कलम ३ वाच. एका वाक्याचं आहे, पण माझ्या मते या कायद्याचा जीव त्यातच आहे. जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने त्याच्या कल्याणासाठी सगळी वाजवी उपाययोजना करायची आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ द्यायच्या नाहीत, हे त्याचं कर्तव्य आहे. "बैल माहा" याचं उत्तर इथे मिळतं. बैल काकाजींचाच आहे, ते कोणी नाकारत नाही. तो त्यांचा आहे म्हणूनच कायदा कर्तव्य त्यांच्यावर टाकतो, तुझ्यावर टाकत नाही.

त्यानंतर कलम ११. क्रूरता कशाकशाला म्हणायचं याची लांब यादी तिथे आहे, पोटकलम एकखाली इंग्रजी ए, बी, सी अक्षरांनी मांडलेली. मारणं, लाथा घालणं, ताकदीबाहेर पळवणं, ताकदीबाहेर ओझं लादणं हे ए-मध्ये येतं. दुखेल अशा पद्धतीने नेणं, पुरेसं खायला-प्यायला आणि आसरा न देणं, उपाशी मरेल असं सोडून देणं, यांना प्रत्येकी वेगळं अक्षर आहे. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. आपली गोष्ट कोणत्या अक्षरात बसते तेवढं शोधायचं.

काकाजींच्या बैलाचं अक्षर बी आहे. हा खंड सावकाश वाच. त्याचा आशय असा: वय, रोग, अशक्तपणा, जखम, फोड किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने कामाला अयोग्य असलेलं जनावर कामाला लावणं, किंवा मालक असून तसं लावू देणं. यात किती ठिकाणी 'किंवा' आहे ते बघ. म्हणजे बैल म्हातारा असलाच पाहिजे, आजारी असलाच पाहिजे असं नाही. नुसती जखम पुरते. 'कोणत्याही कामाला' असं म्हटलं आहे, म्हणून बंडीही आली, वखरही आला आणि डवराही आला. पण एक शब्द असा आहे की त्याचा निवाडा तू किंवा मी करू शकत नाही, तो म्हणजे 'अयोग्य'. खांद फुटलेला बैल कामाला अयोग्य आहे की नाही, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून द्यायचं असतं. तो कागद नसेल तर तुझं खरं म्हणणंही शेजारणीची कुरकूर ठरतं. तो हातात असला की काकाजीही ऐकतात, पोलीसही ऐकतात.

अधिनियमाखाली नियम असतात, आणि गावातल्या माणसाच्या कामाच्या गोष्टी बऱ्याचदा तिथेच लपलेल्या असतात. ओढकाम आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांत लिहिलं आहे की गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला जनावर दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त वापरायचं नाही, मध्ये विसावा न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३७ च्या खाली असतो तरी कधी? म्हणजे उन्हाळ्यात भर दुपारी शेणखताची बंडी हाकणारा प्रत्येक माणूस या नियमाबाहेर जातो, आणि हा नियम आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. सुमारे साठ वर्षं झाली या नियमाला, आणि तो एकाही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला मी पाहिला नाही.

पण इथेही नीट वाच. हा तासांचा नियम गाडी आणि ओझ्यासाठी आहे. डवरा ही काही गाडी नव्हे. तेव्हा काकाजींना तू नऊ तासांचा नियम दाखवायला गेलीस तर कोणीही जाणता माणूस तुला तिथेच थांबवेल. त्याच नियमांत दुसरी एक ओळ मात्र डवऱ्यावरच्या बैलालाही लागू पडते. जनावर हाकायला किंवा ताब्यात ठेवायला खिळा लावलेली काठी, खिळे किंवा टोकं असलेलं जू, कुठलंही टोचणारं साधन वापरायचं नाही. म्हणजे तुतारीला, बैल हाकायच्या काठीला, लावलेली आर, म्हणजे टोकदार खिळा, नियमाविरुद्ध आहे. काकाजींकडे जाण्याआधी आपल्या कोठ्यात कोपऱ्यात उभी असलेली तुतारी बघ. तिला आर असेल तर ती आधी काढून टाक, मग बोलायला जा.

आता शिक्षा. पन्नास रुपये म्हणणारा बरोबर आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा आकडा १९६० चा आहे. तेव्हाच्या पन्नास रुपयांना वजन होतं, आज ते राहिलेलं नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दंड वाढवण्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला होता. शिक्षा इतकी कमी ठेवणं हा जनावरांवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तीन वर्षं जेल कुठून आली? बहुधा शंकरपटातून, म्हणजे बैलांच्या शर्यतींतून. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक-काठी-विजेचा झटका नाही, अशा अटी आहेत. त्या मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तळेगाव दशासरचा पट बघायला जाणाऱ्या माणसाने हे नक्की वाचावं. पण त्या तीन वर्षांचा आणि काकाजींच्या डवऱ्याचा काही संबंध नाही. म्हणून मोबाइलवर काहीही वाचलंस की दोन गोष्टी बघ, ते कोणत्या वर्षी लिहिलं आहे आणि कशाबद्दल लिहिलं आहे. २०१५ साली लिहिलेला मजकूर आजही फिरतो आणि त्यात शर्यतीवर पूर्ण बंदी आहे असं म्हटलेलं असतं. तसंच भारतीय दंड संहितेच्या ४२८ आणि ४२९ कलमांचं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि ती दोन कलमं तिथे ३२५ या एकाच कलमात आली. तू अर्जात जुनं कलम लिहिलंस म्हणून तक्रार रद्द होत नाही, पण समोरचा तुला कच्ची समजतो.

आता दखलपात्र आणि अदखलपात्र. हे दोन शब्द समजले की अर्धा कायदा समजला. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतः गुन्हा नोंदवून तपास सुरू करू शकतात. अदखलपात्रात ते तुझी माहिती नोंदवून घेतात, ज्याला आपण एनसी म्हणतो, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय तपास करू शकत नाहीत. १९६० च्या कायद्यातलं कलम ३१ सांगतं की कलम ११ च्या यादीतली मोजकीच अक्षरं दखलपात्र आहेत. बी त्यांत नाही. म्हणजे बैलाच्या जखमेची तक्रार घेऊन तू ठाण्यात गेलीस आणि हवालदार म्हणाला "एनसी होईल", तर तो तुला फसवत नाही. पण एल दखलपात्र आहे. एल म्हणजे जनावराला, अगदी मोकाट कुत्र्यालासुद्धा, अनावश्यक क्रूर पद्धतीने जिवे मारणं किंवा त्याचा अवयव तोडणं. शेरूची गोष्ट इथे बसते. कायदा करणाऱ्यांनी मेलेल्या कुत्र्यासाठी पोलिसांचं दार सरळ उघडं ठेवलं आणि फुटलेल्या खांदेसाठी ते अर्धवट लोटून घेतलं. मला वाटतं त्यात शहाणपण आहे. खांदेवर औषधपाणी होऊ शकतं. विषावर नाही.

शेरूचं आधी उरकून घेऊ, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो, असं कलम ३६ सांगतं. तीन महिने उलटले की ती वाट बंद. न्याय संहितेचं कलम ३२५ त्यापेक्षा भारी आहे. जनावराला जिवे मारून, विष घालून किंवा निकामी करून मालकाचं नुकसान केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हेही दखलपात्र आहे आणि त्याला ती तीन महिन्यांची मर्यादा नाही. समोरचा म्हणेल, "मी डुकरासाठी ठेवलं होतं, तुमच्या कुत्र्यासाठी नाही." असं नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असणंसुद्धा कायद्याला पुरतं. धुऱ्यावर उघड्यावर पिठाचे विषारी गोळे ठेवल्यावर गावातली कुत्री, ढोरं, शेळ्या ते खातील, हे कोणत्या कास्तकाराला माहीत नसतं?

आणि डुकरासाठी ठेवलं होतं हे म्हणणं त्याला आणखी खोलात नेतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाच. वन्यप्राण्याला विष घालणं आणि तसा प्रयत्न करणं, दोन्ही शिकारीतच मोजलं आहे. रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिवाय विष खाऊन मेलेलं डुक्कर कोल्हा खाणार, टिपेश्वर अभयारण्याकडून फिरत आलेला वाघही खाऊ शकतो. वाघ मेला तर त्या माणसाला किमान तीन वर्षांची कैद आहे, सातपर्यंत जाऊ शकते. कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्यांची गतही हीच.

त्या कास्तकारावर मी नुसता चिडून बोलत नाही. एका रात्रीत डुकरांचा कळप चण्याचं वावर उकरून टाकतो, तेव्हा सकाळी धुऱ्यावर उभं राहणं काय असतं हे तू जाणतेस. पण त्याच्यासाठी रस्ते आहेत. वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते, त्यासाठी ताबडतोब अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. उपद्रवी रानडुकरांचा बंदोबस्त करण्यासाठी वनक्षेत्रपालांकडे, म्हणजे आरएफओंकडे, रीतसर परवानगी मागता येते. भरपाई उशिरा मिळते, कमी मिळते, हे खरं आहे, आणि त्यासाठी कास्तकारांनी एकत्र येऊन भांडलं पाहिजे. पण विष चालणार नाही. ज्या धुऱ्यावर शेरूने तो गोळा खाल्ला, तिथूनच अंगणवाडीची पोरंही जात असतील.

म्हणून आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून जागा सांग. उरलेले गोळे दिसले तर हात लावू नकोस, फोटो काढ, आजूबाजूच्या घरांना सांग. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या. घटना कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या धुऱ्यावर घडली, शेरूला काय काय होत होतं, कोणी काय पाहिलं, एवढंच साध्या मराठीत लिही. फेस येत होता का, पाय ताठ झाले होते का, किती वेळ तडफडला, हे आठवून लिही. पाहणाऱ्या दोघांची नावं त्यांना विचारूनच टाक. शेरूला पुरलं म्हणून सगळं संपलं असं नाही. पोलिसांनी पत्र दिलं तर पशुवैद्यकीय अधिकारी कलेवर काढून शवविच्छेदन करू शकतात आणि नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जाऊ शकतात. पंधरवड्यानंतर काय हाती लागेल ते जमिनीच्या ओलीवर आहे, पण मागणी अर्जात असू दे. स्वतः मात्र उकरू नका. पुढे कोणाचंही जनावर असं गेलं तर पुरण्याआधी दवाखान्यात कळवायचं, हे घरोघरी सांगून ठेव.

तक्रार घेतली नाही तर भांडत बसू नको. तीच तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाची रीत सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये हा क्रमच दिलेला आहे. आणि वकिलाची ऐपत नाही म्हणतेस, तर हे ऐक: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिथे उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती बसते, १५१०० हा त्यांचा फोन. तुझ्यासारख्या किती पोरी हे माहीत नसल्यामुळे घरी बसतात.

आता काकाजी. त्यांच्याशी बोलताना कायदा पहिल्यांदा काढूच नको. दहा एकर, एक जोडी, मिरगापासून पावसाची मारामार, आणि डवरणी चार दिवस लांबली तर तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जातं. बैल बसवला तर काम कोण करेल, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर घेऊनच जा. तुमच्या घरी जोडी असेल तर तुमचा एक बैल सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या बोलीवर, चार-आठ दिवस द्यायला बाबांना तयार कर. गावातल्या दुसऱ्या कोणाशी सावड जमते का बघ. ट्रॅक्टरवाल्याला एक दिवस सांगता येईल. बैलाला विसावा मिळाल्याशिवाय कितीही मलम लावलं तरी ती खांद भरणार नाही.

खांद कशी फुटते ते काकाजींना माहीत आहे, पण पुन्हा बोलायला हरकत नाही. दोन्ही बैलांची उंची सारखी नसली की जू एका बाजूला कलतं आणि सगळा भार बुटक्या बैलावर येतो. पावसात भिजलेलं लाकूड फुगतं, त्याची धार केसांना घासते. आधी केस जातात, मग कातडी जाड आणि गरम होते, मग सूज येते. त्याच सुजेवर जुंपलं की ती फुटते. माशी बसली की दोन-तीन दिवसांत आत किडे पडतात. त्यावर लोक गाडीचं काळं ऑइल ओततात. ते करू देऊ नको. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरला आतलं काही दिसत नाही. १९६२ वर फोन केला तर पशुसंवर्धन विभागाचं फिरतं पथक गावात येतं, किंवा जवळच्या दवाखान्यात नेता येतं. जखम धुऊन, किडे काढून, औषध भरून घ्यायचं, आणि डॉक्टरांना कागदावर लिहून मागायचं की बैल इतके दिवस कामाला लावू नये. हे मागायला विसरू नको, काकाजींसमोरच माग. बहुतेक जण डॉक्टरांचं ऐकतात. बरी झाल्यावरही जू रुंद आणि घासून गुळगुळीत केलेलं पाहिजे, खांद्यावर टेकतं तिथे जाड गोणपाटाची घडी पाहिजे, आणि उंचीने जुळणारा जोडीदार पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हेच काकाजी त्या बैलाच्या खांदेला तूप-हळद चोळतील, शेकतील आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतील. तेव्हा ते निर्दयी माणूस नाहीत, अडलेले आहेत, असं धरून बोल. "काकाजी, पोळ्यापर्यंत याची खांद भरली पाहिजे" हे वाक्य त्यांच्या गळी उतरेल, कलम अकरा उतरणार नाही.

आणि तरीही नाही ऐकलं, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरही जुंपलाच, तर पुढची पायरी चढायला कचरू नको. मग ती शेजारधर्माची गोष्ट राहत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला अर्ज कर, डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोड. कलम ३४ प्रमाणे पोलीस शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा पोलीस अधिकारी किंवा सरकारने नेमलेली व्यक्ती जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकते. न्यायदंडाधिकारी त्याला बरं होईपर्यंत उपचारासाठी ठेवायला सांगू शकतात आणि तो खर्च मालकावर येतो. पन्नास रुपयांना कोणी भीत नाही. ऐन हंगामात बैल महिनाभर दुसरीकडे बांधलेला राहणं आणि वर त्याच्या वैरणीचं बिल येणं, याला मात्र भितात.

हा अधिकार कोणाचा आहे ते पुन्हा वाच. तो तुझा नाही, माझा नाही, गळ्यात रुमाल घालून रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या पोरांचा तर नाहीच. गुरं नेणाऱ्या गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं कोंबली असतील तर ते १९७८ च्या वाहतूक नियमांविरुद्ध आहे. ११२ वर फोन कर, गाडीचा नंबर सांग, एवढंच तुझं काम. कोणाची गाडी स्वतः अडवणं, माणसाला हात लावणं, बैल सोडून नेणं हा दुसरा गुन्हा होतो, आणि त्यात जनावराचे हाल थांबतच नाहीत. तुझ्या कॉलेजातल्या मित्रांना हे ठासून सांग, कारण या वयात राग लवकर येतो.

राहिले बाबा. त्यांचं भय खोटं नाही. ज्याच्यावर तक्रार करायची त्याच्याच विहिरीवरून उद्या पाणी घ्यावं लागू शकतं. पण शेरू तुमच्या घरचा होता, म्हणजे त्याचे मालक म्हणून तक्रारीवर बाबांची सही सगळ्यांत वजनदार. त्यांना आधी एकटं ठाण्यात पाठवू नको. पोलीस पाटलांना सोबत घ्या, ज्यांची कुत्री किंवा शेळ्या त्या धुऱ्यावरून जातात त्या दोन-चार घरांच्याही सह्या घ्या, म्हणजे ते एका घराचं भांडण राहत नाही. गावात तंटामुक्त समिती असेल तर ती मध्ये पडून "मिटवा" म्हणेल. काकाजींच्या बैलाबाबत अशी मध्यस्थी चालेल, हवीच. विषाच्या बाबतीत धुऱ्यावरचे सगळे गोळे उचलले, पुन्हा ठेवणार नाही असं लिहून मिळालं, तरी तक्रार दिल्यावरच बोला, आधी नको.

बाबा तरीही नाही म्हणाले तर सही तू कर. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतं, मालकच पाहिजे असं नाही. तक्रारीच्या दोन प्रती ने. एक त्यांना दे, दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घे. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत तुला फुकट मिळाली पाहिजे, ती मागून घे. काकाजींना गाठायचं तर सकाळी, डवरा बाहेर निघायच्या आधी.